कुलाब्याचं अफगाण चर्च आणि आमचे मामू

मामूंच्या हृदयाच्या तपासण्या कुलाब्याच्या नौदलाच्या दवाखान्यात करायच्या ठरल्या, म्हणून आम्ही मुंबईला गेलो. पुलगावहून रात्री सेवाग्राम एक्स्प्रेस धरली आणि सकाळी सीएसएमटीला उतरलो. कोविडच्या आधीची गोष्ट आहे. मामू तेव्हा सत्तरी ओलांडलेले, ग्रेनेडियर्समधून हवालदार म्हणून निवृत्त होऊनही जमाना झालेला. पण प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर सामान मला उचलू देईनात.

सकाळीच सगळ्या तपासण्या आटोपल्या. रिपोर्ट चार वाजता मिळणार होते. मला वाटलं, मामू म्हणतील हाजी अलीला चल, किंवा गेटवे ऑफ इंडिया पाहू. ते म्हणाले, "इथं जवळच ते अफगाणवालं चर्च हाय म्हणे. आमचे सुभेदार साहेब सांगायचे. तेवढं पाहू."

चर्च खरंच जवळ होतं. कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडे, लष्कराच्या वस्तीत, जुन्या झाडांच्या गर्दीतून एकदम वर निघालेला त्याचा मनोरा दिसतो. उंची साधारण १९८ फूट. खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च, पण ते कुणी घेत नाही. टॅक्सीवाल्यालाही अफगाण चर्चच सांगावं लागतं. कंपाउंडला गेट, गेटवर रखवालदार, आणि चर्चला कुलूप. इंग्रजांच्या काळात कुलाबा छावणीतल्या गोऱ्या पलटणींचं हे चर्च. पलटणी गेल्या, त्यांच्यासोबत इथं बसणारी माणसंही गेली. रविवारच्या प्रार्थनेला मोजकी मंडळी येतात. बाकी आठवडाभर इमारत बंद. आता तिची मोठी डागडुजी झाल्याचं वाचतो. आम्ही गेलो तेव्हा भिंतींना ओल होती आणि आत कबुतरांचा वास होता.

रखवालदार आधी नाही म्हणाला. मामूंनी खिशातून माजी सैनिकाचं कार्ड काढलं, आणि मग किल्ली आली.

आत शिरल्यावर पहिली जाणवली ती थंडी. नंतर उंची, आणि नंतर रंगीत काचांतून फरशीवर पडलेला निळा-तांबडा उजेड. काचा विल्यम वेल्स या इंग्रज कारागिराच्या. फरशा, वेदीमागची नक्षी, जाळीचं काम विल्यम बटरफील्ड या त्या काळच्या मोठ्या वास्तुकाराच्या आराखड्यातलं. इमारतीचा मूळ आराखडा मात्र हेन्री कॉनिबेअरचा. हा गृहस्थ पाण्याचा इंजिनियर. मुंबईला नळाचं पाणी देणारा विहार तलावही त्याच्याच डोक्यातून निघाला. आधी इंग्लंडहून एक देखणा आराखडा मागवला होता, तो परवडणारा निघाला नाही. मग शहरातल्याच इंजिनियरला सांगण्यात आलं. सरकारने जागा दिली ती एका अटीवर: मनोरा असा उंच हवा की समुद्रातून येणाऱ्या गलबतांना खूण म्हणून दिसला पाहिजे. अल्लाचं घर बांधायचं आणि त्यातून दीपस्तंभाचंही काम काढून घ्यायचं, हा सरकारी हिशेब मला फार आवडला. आपल्याकडचे नवाबही वेगळं काही करत नसत.

पायाभरणी ४ डिसेंबर १८४७ला झाली. ७ जानेवारी १८५८ला बिशप हार्डिंग यांच्या हातून चर्च खुलं झालं. पण तेव्हा मनोरा नव्हताच. पैसे संपले होते. तो पुरा व्हायला १८६५ उजाडलं आणि त्यासाठी ७,५०० रुपये दिले कावसजी जहांगीर या पारशी शेठने. म्हणजे अफगाण मुसलमानांशी लढताना मेलेल्या ख्रिश्चनांच्या स्मारकाचा कळस एका अग्निपूजकाच्या पैशाने चढला. मुंबई ही अशी आहे. मनोरा पुरा झाला त्याच्या पुढच्या वर्षी, १८६६ला, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर आमचं वर्धा शहर आखलं गेलं. त्याआधी चार वर्षं जिल्ह्याचं ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. मामूंना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे हे चर्च आपल्या वर्ध्याचं मोठं भाऊ झालं."

बाकड्यांपाशी मामू थबकले. लाकडात खाचा होत्या. त्यांनी न विचारता ओळखलं. "रायफल टेकवायची जागा." १८५७ नंतर गोरे सोल्जर प्रार्थनेलाही हत्यार घेऊन येत, त्यासाठी या खाचा केल्या असं सांगतात. मामूंनी खाचेत बोट फिरवलं. "नमाजला उभं राहायचं आणि बंदूक बाजूला. किती भ्याले असतील हो हे लोक." त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. स्वतः सरहद्दीवर राहिलेला माणूस भीतीची थट्टा करत नाही.

मग आम्ही वेदीपाशी गेलो. तिथल्या भिंतींवर नावं आहेत. हे चर्च ज्यांच्यासाठी बांधलं त्यांची. १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेले अधिकारी. नाव, हुद्दा, पलटण. आणि सोबत एक मजकूर आहे. मी तो मामूंना इंग्रजीतून फोडून सांगितला. मतलब असा: ज्या अधिकाऱ्यांची नावं या भिंतींवर आहेत त्यांच्या, आणि जे हवालदार, नाईक, शिपाई आजाराने किंवा तलवारीने मेले त्यांच्याही आठवणीसाठी हे चर्च आहे, पण या दुसऱ्या लोकांची संख्या इतकी मोठी की त्यांची नावं अशी लिहिता येत नाहीत.

मामू म्हणाले, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"इतके की लिहिता येत नाहीत," ते स्वतःशी म्हणाले. मग भिंतीवर वरून खाली नजर फिरवत विचारलं, "और अपने लोग? अपने किधर हैं?"

"अपने" म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. चाळीस वर्षांत मामूंच्या तोंडी तो शब्द मी दोन अर्थांनी ऐकला होता. कधी मुसलमान, कधी पलटण. त्या दिवशी बहुधा दोन्ही.

आम्ही वाचली तेवढ्या नावांत एकही सुभेदार नव्हता, जमादार नव्हता. मजकुरातल्या शिपायांत काळे शिपाई धरलेत की नाही हेही त्या वाक्यावरून कळत नाही. धरले असतील असं मानायला जागा आहे. न धरले असतील असं मानायलाही आहे.

ही लढाई काय होती ते थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे शाळेत ती दोन ओळींत उरकतात. रशिया अफगाणिस्तानवाटे हिंदुस्थानात उतरेल या धास्तीने कंपनी सरकारने काबूलचा अमीर दोस्त मुहम्मद याला हटवून तीस वर्षांपूर्वी गादी गमावलेल्या शाह शुजाला तिथं बसवायचं ठरवलं. बंगालची फौज एका बाजूने गेली. मुंबईची फौज सर जॉन कीनच्या हाताखाली १८३८च्या अखेरीस जहाजांतून सिंधू नदीच्या मुखाशी उतरली आणि सिंध, बोलन खिंड, कंदाहार असं करत वर चढली. २३ जुलै १८३९ला गझनी पडली, ऑगस्टमध्ये शाह शुजा काबूलला गादीवर बसला. दोन वर्षांनी काबूल उठलं. ६ जानेवारी १८४२ला, भर बर्फात, इंग्रज फौज काबूल सोडून जलालाबादकडे निघाली. सुमारे साडेचार हजार सैनिक, आणि त्यांच्यामागे बारा हजार बाजारबुणगे: भिश्ती, घासवाले, मोतद्दार, डोलीवाले, स्वयंपाकी, त्यांच्या बायका आणि लेकरं. सैनिकांत गोरे जेमतेम सातशे. बाकी सगळे हिंदुस्थानी. आठवड्याभरात हा सगळा काफिला कापला गेला किंवा गोठून मेला. १३ जानेवारीला डॉ. ब्रायडन थकल्या घोड्यावर जलालाबादला पोहोचला, त्याचं चित्र इंग्लंडात घरोघर गेलं. मागाहून काही शिपाई रांगत, लपत परत आले. कित्येक काबूलच्या बाजारात हातापायाची बोटं झडलेल्या अवस्थेत भीक मागताना सापडले. त्यांचं चित्र कुणी काढलं नाही.

काबूलहून निघालेले ते शिपाई बहुतेक बंगाल फौजेचे, म्हणजे अवध-बिहारकडचे. मुंबईच्या शिपायांचं मरण दुसऱ्या ठिकाणी होतं. मुंबई फौजेत तेव्हा कोकण आणि देशावरचे मराठे होते, महार होते, मुसलमान होते, बेने इस्रायल होते, परदेशी म्हणवणारे उत्तरेकडचे लोक होते. त्यांच्या नशिबी आलं सिंध आणि बलुचिस्तान. काहानच्या गढीत मुंबईची ५वी पलटण मरी बलुचांच्या वेढ्यात अडकली होती. तिला रसद पोचवायला निघालेल्या मेजर क्लिबर्नच्या तुकडीची ३१ ऑगस्ट १८४०ला नफुस्क खिंडीत दैना झाली. वरून दगड आणि गोळ्या, खाली ऊन, आणि पाणी नाही. मेले त्यांतले कित्येक तहानेने मेले. तोफा आणि सामान टाकून उरलेले मागे फिरले. काहानच्या शिपायांना शेवटी मरी सरदार दोदा खानाने शब्द देऊन वाट दिली, आणि तो शब्द पाळला.

नफुस्कला होते ते बॉम्बे ग्रेनेडियर्स.

मामूंना हे मी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या पलटणीची वंशावळ त्यांना पाठ होती, रिक्रूट असताना घोकून घेतली होती. "हमारी पलटन गई थी उधर," एवढंच ते म्हणाले. आजच्या ग्रेनेडियर्सची मुळं त्याच जुन्या मुंबईच्या पलटणीत आहेत. नाव बदललं, झेंडा बदलला, मालक बदलला, पण पलटण आपली मोजदाद तिथूनच करते. मामूंच्या घरी बैठकीत दोनच तसबिरी असत. एक काबा शरीफची आणि एक ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांची. सप्टेंबर १९६५, खेमकरण, परमवीर चक्र. अब्दुल हमीद यांचं नाव देशभर माहीत आहे आणि त्याचा मामूंना जो अभिमान होता तो मी शब्दांत सांगू शकत नाही. लहानपणी आम्हांला त्याचा कंटाळा यायचा. मोठेपणी कळलं की तो अभिमान त्यांना ठिकठिकाणी कामाला येत होता. भाड्याची खोली शोधताना, पोलीस व्हेरिफिकेशनला, एकदा रेल्वेच्या डब्यात. ते नाव ते ओळखपत्रासारखं वापरत.

आता त्यांना कळत होतं की त्यांच्याच पलटणीची शेकडो माणसं अशी आहेत ज्यांच्या नावाचा कुणालाच उपयोग नाही.

त्यांनी टोपी खिशातून काढून डोक्यावर घातली, त्या भिंतीसमोर उभे राहिले आणि हात उचलले. मी गोंधळलो. रखवालदार दारात होता. चर्चमध्ये फातिहा? मी हळूच म्हटलं, "मामू, त्यांत हिंदू पण असतील, ख्रिश्चन तर आहेतच. त्यांच्यासाठी फातिहा चालते का?" मला त्या वेळी चार पुस्तकं वाचल्याचा माज होता. मामूंनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "कौन किधर रहता है अल्ला को मालूम है. अपन डाकिया हैं." आणि पढणं पुरं केलं. रखवालदाराने चप्पल बाहेर काढली, आत येऊन उगाच एक बाकडं सरळ केलं, आणि आमच्यासोबत थोडा वेळ उभा राहिला.

इंग्लंडमध्ये अशी माणसांवाचून रिकामी झालेली व्हिक्टोरियाच्या काळातली चर्चं गावोगाव आहेत. कुठं ग्रंथालय झालं, कुठं घरं झाली, कुठं मशीद झाली. मँचेस्टरमधली डिड्सबरीची मशीद ही १८८३ सालची मेथडिस्टांची प्रार्थनास्थळ-इमारत. १९६२ला ती बंद पडली, आणि १९६७पासून तिथं नमाज होते. तिथल्या लोकांना त्याचं फारसं नवल वाटत नाही. मला वाटतं ते जमलं कारण त्या भिंती रिकाम्या होत्या, त्यांवर कुणाशी लढलो हे लिहिलेलं नव्हतं. कुलाब्याच्या भिंतींना ती मुभा नाही. हे चर्च कायम चर्चच राहणार आणि त्याचं नाव कायम अफगाणच राहणार. ज्यांना मारायला गेले त्यांचं नाव इमारतीला चिकटलं, जे मेले त्यांचं नाही. नियतीची ही थट्टा मला आता आता कळली.

बाहेर पायरीवर बसून डबा खाल्ला. मामूंनी विचारलं की एवढं करून इंग्रजांना मिळालं काय. मी म्हटलं, काहीच नाही. शाह शुजा १८४२च्या एप्रिलमध्ये मारला गेला. इंग्रजांची दुसरी फौज सूड घ्यायला गेली, काबूलचा जुना छतदार बाजार जाळला आणि परत आली. १८४३ला ज्याला हटवायला एवढं केलं तोच दोस्त मुहम्मद पुन्हा गादीवर बसला.

आणि हो, एक गोष्ट त्यांनी आणली. सोमनाथचे दरवाजे. गव्हर्नर जनरल एलनबरो याने हुकूम दिला होता की गझनीच्या महमूदच्या कबरीला लावलेले दरवाजे काढून आणा, ते सोमनाथच्या मंदिराचे आहेत. आणले. पंजाबातून मिरवत आणले. एलनबरोने हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांना उद्देशून जाहीरनामा काढला की आठशे वर्षांच्या अपमानाचा बदला आम्ही घेतला. दरवाजे आग्र्यापर्यंत पोचले तेव्हा जाणकारांनी पाहिलं: लाकूड चंदनाचं नाही, देवदाराचं. कोरीवकाम मंदिराचं नाही, आणि त्यावर अरबी लिपीत महमूदच्या बापाचं, सबुक्तगीनचं नाव. ब्रिटिश पार्लमेंटात मेकॉलेने एलनबरोची सालटी काढली. दरवाजे आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले, अजून आहेत. मला मात्र वाटतं की दरवाजे खोटे निघाले तरी जाहीरनामा पुरून उरला. तो मजकूर आजही कुणी मोबाईलवर पाठवला तर जुना वाटणार नाही. एका हरलेल्या मोहिमेची लाज झाकायला एका परक्या साहेबाने आमच्यात तुमच्यात हिशेब काढून दिला आणि तो हिशेब आपण अजून फेडतो आहोत. चर्चच्या भिंतीवर याचा उल्लेख नाही. तो का असावा.

मामूंना यातलं एकच नाव ओळखीचं वाटलं, एल्फिन्स्टन. काबूलहून ती अभागी फौज घेऊन निघालेला म्हातारा, आजारी सेनापती एल्फिन्स्टन. "स्टेशनवाला?" त्यांनी विचारलं. स्टेशनवाला दुसरा, पण त्याच घराण्यातला. चर्च खुलं झालं तेव्हा मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन होता, रेल्वे स्टेशनाला २०१८पर्यंत नाव त्याचं होतं. आणि त्याचा काका माऊंटस्टुअर्ट, जो पेशवाई बुडवून मुंबईचा गव्हर्नर झाला, तो त्याआधी १८०४ ते १८०८ आमच्या नागपूरला भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. नागपूरहून निघून तो १८०९ला पेशावरला गेला आणि ज्याच्यासाठी पुढं एवढी माणसं मेली त्या शाह शुजाला तरुणपणी भेटून आला. अफगाणांवर त्याने मोठं पुस्तक लिहिलं. म्हातारपणी लढाईची बातमी ऐकून त्याने इशाराही दिला होता की काबूल घ्याल, पण ठेवाल कसं. ज्याला तो मुलूख माहीत होता त्याचं कुणी ऐकलं नाही.

चार वाजता रिपोर्ट मिळाले. डॉक्टरांनी गोळ्या वाढवून दिल्या, ऑपरेशन नको म्हणाले, आणि आम्ही परत सीएसएमटीला आलो. गाडीला वेळ होता. स्टेशनच्या बाजूच्या आझाद मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती. तिथं मी मामूंना दोन नावं सांगितली, दिवसभर बिननावाच्या माणसांचं बोलणं झालं होतं म्हणून. सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया. एक मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार, एक १०व्या पलटणीचा शिपाई. १८५७ला मुंबईच्या छावणीत दिवाळीच्या सुमारास उठावाचा बेत शिजत होता. पोलीसप्रमुख फोर्जेटने तो हेरला. १५ ऑक्टोबर १८५७ला या मैदानावर, तेव्हा त्याला एस्प्लनेड म्हणत, सगळ्या फौजेला रांगेत उभं करून या दोघांना तोफेच्या तोंडी दिलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत कुलाब्याचं चर्च खुलं झालं. बाकड्यांना खाचा का लागल्या ते इथं उभं राहिलं की समजतं.

"हवालदार होता?" मामूंनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी बराच वेळ मैदानाकडे पाहिलं. इथं त्यांनी फातिहा पढली का ते मला दिसलं नाही. चेहरा दुसरीकडे होता.

परतीच्या प्रवासात त्यांनी आष्टीचा विषय काढला. आमचं आजोळ आष्टीकडचं. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला नियाझी नवाबांचे दोन मकबरे आहेत, शेजारी शेजारी. नियाझी म्हणजे अफगाण. जहांगीर बादशहाने मुहम्मद खान नियाझी याला आष्टी, पवनार, तळेगाव हा भाग दिला. त्याने उजाड पडलेला मुलूख पुन्हा लागवडीला आणला. १६२७ला तो वारला, त्याच्या कबरीवर मुघल धाटणीचा देखणा मकबरा उठला. मागून आलेला अहमद खान १६५१ला गेला, त्याच्यावरही तसाच पण लहान मकबरा बांधला. बांधकामही दुय्यम. दौलत उतरणीला लागली की ते आधी चुन्यात दिसतं. पुढं मराठ्यांनी मुलूख घेतला. लहानपणी आम्ही त्या घुमटांखाली आवाज घुमवायला जायचो. दिवा लावणारं कुणी नव्हतं. मामू म्हणाले, "अफगाण तर आपल्याकडं पण मेले. पण ते शेती करून मेले."

मी त्यांना दुरुस्त केलं नाही. नवाब स्वतः शेती करत नसतो, आणि त्या मकबऱ्यांचे दगड ज्या बेलदारांनी वाहिले त्यांचीही नावं कुठं नाहीत. पण आष्टीची ओळख आज मकबऱ्यांनी नाही. १६ ऑगस्ट १९४२ला, नागपंचमीच्या दिवशी, गावकरी पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला गेले आणि गोळीबारात मेले. तेव्हापासून गावाला आष्टी शहीद म्हणतात. दरवर्षी नागपंचमीला तिथं शहिदांची नावं घेतली जातात. कुणी साहेब नव्हते ते, त्यांची नावं लिहिता आली. काबूलची वाताहत १८४२ची आणि हे १९४२चं, हे मी गाडीत बोटांवर मोजलं आणि मामूंना सांगणार होतो. पण अकोला येईपर्यंत ते झोपले होते.

खरं तर नावाचा एवढा सोस आपल्यात नाही. आपली कबर कच्ची, मातीची. दोन पावसाळ्यांत जमिनीला मिळते. वर दगड नको, पाटी नको, हेच आपल्याला शिकवलं गेलं. माझ्या दोन्ही आजोबांच्या कबरी मी अंदाजाने दाखवतो, लिंबाच्या अलीकडे की पलीकडे यावर भावांत वाद आहे. त्याचं मला कधी दुःख झालं नाही. कब्रस्तानात सगळेच बिननावाचे. नवाब असो की हमाल, माती तीच. कुलाब्याला जे बोचलं ते वेगळं होतं. तिथं भिंत होती, कारागीर होता, पैसा होता, आणि नंतर कुणीतरी बसून ठरवलं होतं की रेघ कुठं मारायची.

२०२१च्या एप्रिलमध्ये मामू गेले. कोविड. मिट्टी द्यायला आम्ही सहाजण होतो, तेही लांबून. पोरांना बापाचा चेहरा नीट पाहता आला नाही. त्या महिन्यात पुलगावच्या कब्रस्तानात एका रांगेत इतक्या कबरी झाल्या की आठ दिवसांनी गेलो तर कोणती मामूंची ते आम्हांला ओळखू येईना. धाकट्या मामेभावाने विटेवर ऑइलपेंटने नाव आणि "हवालदार" लिहून डोक्याशी रोवली होती. ती वीट कुणाच्या तरी पायाने आडवी होऊन दोन कबरींच्या मध्ये पडली होती. पावसाळ्यानंतर तिच्यावरचा रंगही गेला.

कबर खोदणाऱ्या चाचांनी आम्हांला थांबवलं. खोपटात जाऊन ते दोनशे पानी वही घेऊन आले. नगरपालिका मागेल म्हणून त्या दिवसांत त्यांनी लिहून ठेवलं होतं. तारीख, रांग, कितवी कबर. चाचांना लिहिणं जेमतेम येतं. बऱ्याच जणांची पूर्ण नावं त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून जसं जमेल तसं: पंक्चरवाले, शादाबची आई, दर्जी, पोस्टाजवळचे. एकेका ओळीवर बोट ठेवत ते खाली आले. तिसरी रांग, अकरावी. समोर लिहिलं होतं, फौजवाले.